लाकडाला लाकूड

मिस्त्रीने चौथा स्क्रू काढला, बास गिटारची मान धडापासून अलगद सोडवली, आणि खाचेतून एक लालसर पट्टी निघून टेबलावर पडली. दोन बोटं लांब, अर्धं बोट रुंद, आगकाडीपेक्षाही पातळ. "हे काय निघालं?" म्हणत मिस्त्री ती नखाने कडेकडे सरकवू लागला, खाली कचऱ्याचा डबा होता त्या बाजूला. मी तिच्यावर हात ठेवला. इतक्या जोरात ठेवला की स्क्रूंची डबी उलटली आणि चारांतले दोन स्क्रू जमिनीवर घरंगळले. वकील वाकून ते शोधायला लागला. दातवाली हसली, म्हणाली, "सर, झुरळ आहे का?" मी हात उचलेना. झुरळ असतं तर बरं झालं असतं. न बघताच माझ्या तळव्याला कळलं होतं की ते कापड आहे, पुठ्ठ्यावर डकवलेलं मरून कापड. तसल्या कापडाचे गठ्ठे उशाशी घेऊन मी लहानाचा मोठा झालो होतो. पण ते इथे, माझ्या बासच्या पोटात, कसं काय आलं? हा बास चौतीस वर्षांत कुणी उघडलेला नव्हता. मी स्वतः नाही. ही गोष्ट मी याच दुकानात, याच स्टुलावर बसून, निदान दोनशे वेळा छातीठोकपणे सांगितली होती.

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं मिस्त्रीकडे जमतो. टायरवाल्याच्या वरची एक लांबट खोली, भिंतीवर टांगलेली वाद्यं, लाखेचा आणि रबराचा मिसळलेला वास, आणि एक खिडकी, जी उघडली की बंद होत नाही. काम असो नसो, आम्ही जातो. बास वाजवणाऱ्याला जगात कुणी काही विचारत नाही हो. कार्यक्रम संपला की लोक गाणाऱ्याला गराडा घालतात, गिटारवाल्याबरोबर फोटो काढतात, ड्रमवाल्याच्या पाठीवर थाप मारतात, आणि माझ्याकडे येऊन विचारतात की बाहेर जायचा रस्ता कुठून आहे. तेव्हा आपलं म्हणणं ऐकणारी तीन माणसं आठवड्यातून एकदा मिळत असतील, तर मी टायरच्या वासाचंही अत्तर मानायला तयार आहे. आणि आमचं म्हणणं तरी काय, तर सगळं एकाच गोष्टीवर: ही जुन्या घडणीची, चार तारांची, जाड मानेची फळी. जगातले निम्मे बास हिच्यावरून निघाले आणि उरलेले निम्मे हिच्यावर रुसून. वकील खरोखरचा वकील आहे. कोर्टात बोलत नसेल तेवढं इथे बोलतो. त्याचं मत असं, की ही घडण जन्मली त्याच दिवशी पूर्ण झाली, त्यानंतर लोकांनी केले ते नुसते उद्योग. दातवाली दातांची डॉक्टर आहे. तिचं मत, की हिचं डोकं जड, हात सोडला की मान जमिनीकडे झुकते, आणि मान कसली, जिन्याचा कठडा आहे. अंगठा टेकवायची पट्टी मुळात खालच्या बाजूला लावली होती. कुणासाठी, ज्याचे हात उलटे आहेत त्याच्यासाठी? "अगं, तेव्हा वाटलं होतं लोक अंगठ्याने वाजवतील आणि बोटं तिथे धरतील," वकील म्हणायचा. "म्हणजे बनवणाऱ्यालाच माहीत नव्हतं आपण काय करणार आहोत!" ती म्हणायची. बारीक तारेवर, पाचव्या-सहाव्या पडद्याच्या आसपास, या घडणीत एक सूर मुका निघतो, छेडला की लगेच विझतो. वकील त्याला स्वभाव म्हणतो. ती त्याला कीड लागलेला दात म्हणते. मिस्त्रीचं मत सगळ्यांत आखूड: "दुरुस्त करता येतो. चार स्क्रू. बाकी सगळी बडबड."

आणि माझं मत? माझं मत लाकडाला लाकूड. मान आणि धड यांच्यामध्ये काही नको, हवासुद्धा नको. माझा बास असा गातो, इतका हलका हाताखाली येतो, कारण तो कारखान्यातून आला तसा आहे, कुणी शहाणपणा केलेला नाही. वकील या बाबतीत माझ्या बाजूने साक्ष द्यायचा. लोकांना मुद्दाम माझा बास वाजवून दाखवायचा, "बघा, कोरा आहे, मूळचा," म्हणून. आणि माझं दुसरं मत, जे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकवत आलो: वाद्याला दोष देऊ नका. तीन महिने दुखेल, मग हात बसेल. माझा बसला तसा.

आता हात उचलणं भाग होतं. उचलला. पट्टी उलटी पडली होती, पुठ्ठ्याची बाजू वर. तिच्यावर पेन्सिलीने, अगदी फिकट, एक "अ" होता, आणि पुढे तारीख, महिना, सालाचे शेवटचे दोन आकडे. अण्णांचा अ. त्यांचा अ कुणाच्या बापाला जमणार नाही असा असायचा, काना जरा बाहेर झुकलेला, जणू दारातून डोकावणारा. माझ्या बापाचा अ आहे तो, आणि मी त्याचा मुलगा असून मलाही जमत नाही.

अण्णा बुकबाइंडर होते. घराच्या दोन खोल्या, त्यातली पुढची त्यांची: दाबाचं लोखंडी यंत्र, शिवणीची चौकट, खळीचं भांडं, आणि भिंतीला टेकलेले कापडाचे गठ्ठे, काळे, बाटलीहिरवे, मरून. कचेऱ्यांच्या जाड वह्या, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, कुणाकुणाचे प्रबंध. पुठ्ठ्याची जाडी ते मोजायचे नाहीत, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "एक कागद कमी आहे." असायचाच. जुनं पुस्तक आलं की ते आधी त्याची पाठ सोलायचे आणि आतल्या बाजूला भिंग लावून बघायचे, आपल्या आधी कोण येऊन गेलंय. कारण त्या धंद्यातली माणसं पाठीच्या आत, जिथे वाचणाऱ्याची नजर कधी जाणार नाही अशा जागी, पेन्सिलीने एक अक्षर आणि तारीख टाकतात. बाहेर नाव लिहायचं नाही. बाहेर लेखकाचं नाव असतं. आतली खूण फक्त पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. एकदा त्यांना साठ वर्षांपूर्वीची एक खूण सापडली, कुणा अनोळखी माणसाची, तर ते दिवसभर त्याच्याबद्दल बोलत होते, बरं काम केलंय हो, मन लावून केलंय, जसा काही तो आमच्याकडे चहा पिऊन गेला होता. आणि पाठ बंद करताना त्या खुणेखाली त्यांनी आपला अ घातला.

"सर, बरं वाटत नाहीये का?" दातवालीने विचारलं. मी म्हणालो, "ही माझ्या वडिलांनी घातलीय." कुणालाच काही कळलं नाही. मग वकिलाला कळलं. तो स्क्रू हातात घेऊन टेबलाखालून वर आला आणि गुडघ्यांवरच थांबला. "थांब, थांब. म्हणजे लाकडाला लाकूड नव्हतंच?" मिस्त्री धडाच्या खाचेत टॉर्च मारून बघत होता. "खाचच जास्त खोल कापलीय," तो म्हणाला. "कागदावरची घडण बरोबर असेल हो, पण हे धड कापणाऱ्याचा हात त्या दिवशी खाली गेला. मान खोल बसणार, तारा वर राहणार. ही पट्टी मागच्या टोकाला घातली म्हणून मान एवढीशी कलली आणि तारा खाली आल्या. नाहीतर या बासवर बोटं फुटली असती माणसाची." दातवाली हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम थांबली.

फुटलीच होती की. मला आठवत होतं, नको तितकं आठवत होतं. शहर सोडून चाललेल्या एका वादकाकडून मी तो बास घेतला तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नवा लागलेला. अण्णांना मी पुढच्या खोलीत यायला हवा होतो, यंत्राचं चाक माझ्या हातात द्यायचं होतं त्यांना. आधी लिफ्ट, वर हा बास. "चार तारा? दोन कमीच आणल्यास," एवढं ते बोलले आणि मग तीन महिने माझ्याशी बोललेच नाहीत. जे काही असेल ते आईमार्फत. मी समोर बसलेला असताना, "त्याला म्हणावं जेवून घे." मीही काही कमी नव्हतो, "त्यांना म्हणावं भूक नाही." आई मध्ये बसून जेवत असायची आणि दोन्हीकडचे निरोप गिळत असायची. तारा पडद्यांपासून इतक्या वर होत्या की दाबता दाबता बोटांची टोकं सोलून निघाली, फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. दिवसा लिफ्टच्या दोरांना ग्रीस लावायचो तेव्हा ते ग्रीस जखमांत जायचं. मी कुणाला दाखवलं नाही. दाखवणार कुणाला? एका सकाळी चहाच्या कपाला हात लागला आणि मी कळवळलो, तर अण्णा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "बोटं बघू." तीन महिन्यांतले पहिले दोन शब्द. मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, खिडकीकडे वळवला, आणि कोपरे गेलेलं एखादं पुस्तक बघतात तसा बराच वेळ बघितला. हात परत दिला, वर्तमानपत्र उचललं. मला राग आला होता. निदान शिव्या तरी द्यायच्या!

आणि त्यानंतर आठवडाभराने, एका गुरुवारी, मी कामावरून आलो, बास मांडीवर घेतला, आणि तारा लोण्यासारख्या खाली गेल्या. मी उडालोच. स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो, "आई, हात बसला! माझा हात बसला!" आई म्हणाली, "बसणारच." पुढच्या खोलीत अण्णा यंत्राचं चाक फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच आठवतं. मान वर केली असती तर कदाचित मला कळलं असतं, कदाचित नसतंही. त्या वयात आपल्याला आपल्या हाताशिवाय दुसरं काय दिसतं.

मिस्त्री दोन वाजता दुकान बंद करतो. मी म्हणालो, मी येतो जाऊन, आणि पट्टी शर्टाच्या खिशात घालून जिना उतरलो. बास तसाच मागे राहिला, मान एकीकडे, धड एकीकडे. तो आज उघडायलाही मी तयार नव्हतो. ती गोष्ट वेगळी, आणि सांगायला लाज वाटावी अशी. माझ्या डाव्या अंगठ्याचं मूळ गेलंय. डॉक्टर म्हणतात झीज, मी म्हणतो वय. जाड मानेभोवती हात गुंडाळला की पंधरा मिनिटांनी तिथे खिळा ठोकल्यासारखं होतं. शनिवारी आम्ही एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवतो, लोक नाचतात, मी तीस वर्षं तिथे त्याच खांबाशेजारी उभा आहे. तीन महिन्यांपूर्वी आमची गाणारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, शेवटची दोन गाणी तुम्ही नुसती बोटं हलवलीत. आवाजच नव्हता. मी सांभाळून घेतलं, पण असं किती दिवस?" खरं होतं. त्यावर तिने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली, नंतर आणखी एक, आणि आता ही शेवटची. दातवालीला हे कळलं तेव्हा ती आपल्या जुन्या बासची मान घेऊन आली, अरुंद घडणीची, सहा मिलिमीटरने बारीक. "ही बसते सर तुमच्या धडावर. चार स्क्रू. घ्या, माझ्याकडे पडूनच आहे." मी तिला काय म्हणालो असेन? म्हणालो, "टूथब्रश माझ्या बासला लावू का?" आणि तीन महिने ती मान मिस्त्रीच्या कपाटात पडून राहिली आणि मी अंगठ्याला पट्टा बांधून हिंडलो. कोऱ्या, मूळच्या, कुणी हात न लावलेल्या वाद्याला हात कसा लावायचा! वाजवणं सुटलं तरी चालेल पण लाकडाला लाकूड राहिलं पाहिजे, इथपर्यंत माझी गाडी गेली होती. आज सकाळी बायको म्हणाली, "मग तसाच भिंतीवर टांगून हार घाला त्याला." तेव्हा कुठे मी म्हणालो, नुसता उघडून बघू.

रस्त्यावर ऊन होतं, दुकानांची शटरं अर्धी खाली होती. मी चालत होतो आणि खिशातली पट्टी बोटांनी चाचपत होतो. तीस वर्षं मी लिफ्टच्या यंत्रखोल्यांच्या दारांना हात लावून आतलं बेअरिंग ओळखत आलोय. दारातून जी थरथर येते तिच्यावरून सांगतो, किती दिवस टिकेल. साहेब लोक म्हणतात काय कान आहे! कान नाही, तळवा आहे. आणि तोच तळवा रोज ज्या लाकडाला चिकटलेला होता त्याच्यामधली एक पट्टी त्याला चौतीस वर्षांत कळली नाही. आणि मी लोकांना सांगत सुटलो होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली, एकोणीस वर्षांची, कॉलेजातली, हुशार, जाड मानेचा एक जुना बास घेऊन. चार महिने झाले तरी तिची बोटं सुजत होती. एकदा तिने हात पुढे केला, "सर, बघा ना." मी म्हणालो, "दाखवू नकोस. वाजव. हात बसेल." दोन महिन्यांनी ती यायची बंद झाली. जिन्यात रडत होती म्हणे, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. पुढे तिने अरुंद मानेचा बास घेतला, दातांची डॉक्टर झाली, आणि आज माझ्यापेक्षा चांगली वाजवते, हे मी या रस्त्यावर एकट्याने कबूल करतो. तिच्या बासचा तेव्हा पुठ्ठ्याच्या तुकड्याएवढाच प्रश्न असेल कदाचित. मी बघितलाच नाही. माझ्या बापाने माझ्याशी अबोला धरलेला असताना जे केलं, ते मला माझ्याशी रोज बोलणाऱ्या मुलीसाठी करता आलं नाही.

घरी आई खिडकीशी पत्ते लावत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, एकटीच खेळते आणि एकटीच फसवते. मी पट्टी तिच्या राणीवर ठेवली. "हे काय आहे, सांग."

तिने चष्मा कपाळावर सारला, पट्टी डोळ्यांजवळ नेली. "अगबाई, काढलीस? कशाला काढलीस?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? स्क्रू मी धरले होते. बशीत. एक पलंगाखाली गेला तर हे माझ्यावर केवढे खेकसले. एवढं साधं काम जमत नाही म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या मुलाचं आहे ना, मग तुम्हीच वाका."

मी पलंगावर बसलो. "मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस? आलास तो ओरडतच सुटलास, हात बसला, हात बसला. मी सांगणार होते, तर यांनी दारातून खूण केली. मागाहून म्हणाले, त्याला वाटू दे त्याचा हात बसला असं. खूश आहे पोरगं." तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. "ही तिसरी हो. पहिली जाड झाली, तारा खरखरायला लागल्या. दुसरीत एक कागद कमी पडला. मला म्हणाले, तू छेड, मी ऐकतो. मी काय छेडणार, कपाळ! बोटाने टुणटुण केलं आपलं."

"म्हणजे हा बास असा झाल्यावर माझ्याआधी तू वाजवलास?"

"मग! चांगला वाजला." आणि पत्ता उचलून खाली ठेवत म्हणाली, "हे खाली बसून राहिले होते, कान लाकडाला लावून. म्हणाले, हा आवाज पोटात जातो गं. मला वाटलं आता तरी तुझ्याशी बोलतील. पण तुम्ही दोघं एका माळेचे मणी."

मला वाटायचं अण्णांनी माझा बास कधी ऐकलाच नाही. हॉटेलात ते आले नाहीत, घरी मी वाजवायला घेतला की चपला घालून बाहेर जायचे. पुढे बोलणं सुरू झालं, सगळं ठीक झालं, माझं लग्न, नातवंडं, त्यांचं आजारपण. पण या एका बाबतीत माझ्या मनात एक कोपरा राहिलाच होता, त्यांनी ऐकलं नाही म्हणून. आणि त्यांनी तर माझ्याआधी ऐकला होता. कान लावून. मी रडलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस आईसमोर पलंगावर बसून रडलो, आणि ती म्हणाली, "झालं का? आता ती राणी सोड माझी." मी तिच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "हं, आता बरी आठवण झाली." असं बरं वाटलं मला त्या दिवशी, की कसं सांगू. ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांची आपल्याकडे एक यादी असते पाठ. आणि त्या यादीच्या आत, पाठीच्या आतल्या बाजूला, दुसरीच एक असते.

मी परत पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. तिघंही थांबले होते. वकील खिडकीत उभा राहून कुणाची तरी वाट बघत नसल्यासारखं करत होता. मिस्त्रीने माझ्या खाचेच्या मापाची एक लाकडी पाचर तासून ठेवली होती, गुळगुळीत, नेमकी. कपाटातून ती अरुंद मान काढून टेबलावर ठेवलेली होती, कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती.

"बसवा," मी म्हणालो. "हिची मान बसवा. पण मध्ये ही घाला."

मिस्त्रीने पट्टीकडे बघितलं. "साहेब, मान बदलली तरी खाच तीच आहे, उंची लागणारच. म्हणून तर पाचर केली. पण पुठ्ठा नको. पुठ्ठा आवाज खातो."

"चौतीस वर्षं काय खाल्लं त्याने?"

मिस्त्रीने पाचर बाजूला सरकवली. वकिलाने घसा साफ केला. "मी माझं म्हणणं मागे घेतो," तो म्हणाला. "लाकडापुरतं. बाकीच्या घडणीवर माझा युक्तिवाद कायम आहे."

मी मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल घेतली. अण्णांच्या अ-खाली तारीख घातली आणि माझं अक्षर काढलं, वेडंवाकडं, जागा थोडीच होती. मग पेन्सिल दातवालीकडे दिली. "तुझंही घाल. मान तुझी आहे." ती म्हणाली, "मी कशाला सर?" मी म्हणालो, "पुढे कुणी उघडलं तर त्याला कळायला नको का?" तिने दाढेतल्या भरावाचं काम करावं तसं नाकाजवळ धरून एक बारीकसं अक्षर लिहिलं. मिस्त्रीने पट्टी खाचेच्या मागच्या टोकाला ठेवली, मान बसवली, चार स्क्रू एकेक करून आवळले, तिरके समोरासमोर. तारा चढवल्या, सूर लावला. मी स्टुलावर बसून डावा हात मानेभोवती नेला. हात पुरला. उरलाच थोडा. अंगठा मागे सरळ टेकला आणि तिथला खिळा शांत राहिला. मी ते शनिवारचं शेवटचं गाणं काढलं, ज्यात गेले कित्येक महिने मी नुसती बोटं हलवत होतो, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, एकही सूर न गाळता. आवाज स्टुलातून माझ्या पोटात गेला. बारीक तारेवरचा तो मुका सूर मुकाच राहिला, आणि वकील आनंदाने ओरडला, "बघ! स्वभाव गेला नाही!" दातवाली म्हणाली, "दात काढावा लागेल सर."

"मान छान आहे गं तुझी," मी म्हणालो. "तीन महिने मी तिला टूथब्रश म्हणत होतो."

"बावीस वर्षं म्हणताय सर. मी मोजलीयत." ती हसत होती, पिशवीत आपलं सामान भरत होती. "आता नवीन मुलांना काय सांगणार? तीन महिन्यांत हात बसतो?"

बास मांडीवरून उतरवून मी भिंतीला टेकवला. तिला म्हणायचं होतं की माझं चुकलं, तू जिन्यात रडलीस ते माझ्यामुळे, तुझं सगळं पहिल्यापासून बरोबर होतं. यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. इतक्या वर्षांनी घसा तेवढा अण्णांचा निघाला.

"बोटं बघू," मी म्हणालो.

"काय?"

"तुझी बोटं. डावा हात. बघू."

ती गोंधळली. वकिलाकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तिला आठवलं असावं, कारण तिचं हसू गेलं आणि तिने पिशवी खाली ठेवली. तिने डावा हात पुढे केला. मी तो धरला, उलटा केला, आणि जी खिडकी बंद होत नाही तिच्या उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिलो.